कलर-प्रोटेक्ट शाम्पू: रंग राहिला, पंप गेला

पंप दाबला, खाली गेला आणि तिथेच बसला. बाटली अजून निम्मी भरलेली. डोळ्यांत फेस, एका हाताने टॉवेल सावरतेय आणि दुसऱ्या हाताने तो पंप ओढतेय, पिळतेय, आपटतेय. ढिम्म हलत नाही. ३०० मिलीची बाटली, ४४९ रुपये, सल्फेट-फ्री, कलर-प्रोटेक्ट वगैरे वगैरे. बाटलीवर छापलेलं सगळ्यांनी वाचलेलं असतं, म्हणून जे छापत नाहीत तेवढंच सांगते.

आधी माझी परिस्थिती. केसांना मी ३५ रुपयांच्या पाकिटातला रंग लावते, गडद तपकिरी. पार्लरमध्ये नुसत्या मुळांचे ८०० सांगतात. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत भांगातून पांढरी रेघ डोकावायला लागते. दर वेळी ८०० कोण देणार? तर रंग ३५ चा आणि शाम्पू ४४९ चा. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ हे बाटली आणली त्याच दिवशी ह्यांनी ऐकवून झालं.

पण माझं गणित वेगळं होतं. मुळं तर कुठलाही शाम्पू वापरला तरी लावावीच लागणार. खरा त्रास टोकांचा. रंगात कालवलेलं पेरॉक्साइड आपल्या मूळच्या काळ्या केसांनाही थोडं उजळवतं. वर चढवलेला रंग धुता धुता उतरला की खालचा तो उजळ तांबूसपणा उघडा पडतो, आणि उन्हात उभं राहिलं की टोकं विटकरी दिसतात. मग वाटतं, सगळंच डोकं रंगवून टाकू. म्हणजे दोन पाकिटं, आणि तेच पेरॉक्साइड पुन्हा त्याच टोकांवर, केस आणखी राठ. तो फेरा थांबावा म्हणून ४४९ रुपये.

आता पंप. पहिल्या दिवसापासून माझं त्याच्याशी वैर. एकदा दाबला की एवढा गोळा हातावर येतो की दोन बायकांची डोकी धुऊन होतील. बॉब केलेल्या मुलीला आणि माझ्यासारख्या कमरेपर्यंत वेणीवालीला एकच माप, आणि तेही कंपनीच्या सोयीचं: जितका जास्त येईल तितकी बाटली लवकर संपेल. मी मग कोथिंबिरीच्या जुडीचं रबर पंपाच्या मानेला चार वेढे देऊन बसवलं. त्यामुळे तो पूर्ण खाली जात नाही आणि निम्माच शाम्पू येतो. हा उपाय कुठल्याही पंपाला चालतो, हँडवॉशलासुद्धा. बाटली दीडपट तरी जास्त पुरली असेल. ते रबर होतं तोवर पंप नीट चालला. रबर तुटलं, दुसरं लावायचा कंटाळा केला आणि त्याच आठवड्यात पंप बसला. स्प्रिंगला पूर्ण दाब झेपत नसेल तर पूर्ण दाबायचा पंप बनवता कशाला?

कस्टमर केअरला फोन लावला. बॅच नंबर विचारला. तो बाटलीच्या बुडाला शाईने छापलेला, बाथरूममध्ये ठेवायच्या वस्तूवर! अर्धे आकडे धुऊन गेलेले. बिलाचा फोटो मागितला, पाठवला. पंपाचा व्हिडिओ मागितला, तोही पाठवला. चार दिवसांनी एका मुलीचा फोन: “मॅडम, पंप पॅकेजिंगमध्ये येतो, प्रॉडक्टमध्ये नाही.” मी म्हटलं, “अगं बाळा, मग प्रॉडक्ट पिशवीत बांधून द्या ना, किराण्यासारखं.” ती हसली बिचारी, पण पंप काही मिळाला नाही. पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट मिळाली.

तेव्हापासून बाटली स्टीलच्या पेल्यात उलटी उभी. शेवटी शेवटी सुरीने मधोमध कापली, तर तळाशी आणि कडांना इतका शाम्पू चिकटलेला की पुढचे दोन आठवडे त्यावर निघाले. पंपाची नळी बुडापर्यंत पोचतच नव्हती. म्हणजे न बिघडणारा पंप असता तर तेवढा माल मी आनंदाने कचऱ्यात टाकला असता.

तरी रंग टिकला हे कबूल. टोकं आधीसारखी तांबडी झाली नाहीत, त्याबद्दल पूर्ण मार्क.

इथवरचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता दिवाळी तोंडावर आलीय आणि ते पूर्ण मार्क मला परत घ्यायचेत.

झालं असं की बाटली संपल्यावर मी पुन्हा आपला साधा किराणा दुकानातला शाम्पू आणला, लिटरच्या बाटलीतला. टोकं राठ झाली, रंगही मळकट दिसायला लागला. बघा, महागाचं ते महागाचंच, असं म्हणत १० टक्के सूट वापरायच्या बेतात होते. मध्ये गौरी-गणपती आले आणि आम्ही नणंदेकडे चिपळूणला गेलो. शाम्पू तोच स्वस्तातला, बरोबर नेलेला. पहिल्याच दिवशी नेहमीएवढा घेतला तर फेस आवरेना! धुतेय धुतेय, केस बुळबुळीतच. नणंद बाहेरून म्हणाली, “वहिनी, आमच्याकडे कमी लागतो हो, पाणी गोडं आहे.” तिथे होते तोवर केस असे मऊ राहिले की मलाच विश्वास बसेना. रंगावर जी राखाडी साय चढलेली दिसायची तीही गेली. म्हणजे तो रंग उतरला नव्हताच, त्याच्यावर क्षारांचा थर बसला होता.

आम्ही राहतो छत्रपती संभाजीनगरला. नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पण रोज नाही, मध्ये बरेच दिवस जातात. उन्हाळ्यात ते प्यायला आणि स्वयंपाकाला ठेवायचं, आंघोळ बोअरवर किंवा टँकरवर. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरी कड येते, गीझरची कॉइल वर्षभरात दगड होते. तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसतं, फेस होऊ देत नाही, मग आपण शाम्पू वाढवतो, चोळणं वाढवतो. आणि ४४९ ची बाटली चालू होती ते महिने कोणते, तर संक्रांतीपासून मेपर्यंतचे. त्यातल्या निम्म्या काळात थंडी होती, तेव्हा मी मुळात केसच आठवड्यातून एकदा धुवत होते. रंग टिकवला तो न धुण्याने. श्रेय घेतलं बाटलीने.

नवीन बाटली आणली नाही. आता काय चाललंय ते सांगते. डोकं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आदल्या रात्री खोबरेल. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन वाचवतं. सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तसं करत नाही. या तिन्ही तेलांची तुलना करणारा अभ्यास २००३ मध्ये छापून आलेला आहे, त्यामुळे आजीचं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका. शाम्पू मगमध्ये पाण्यात कालवून, फक्त टाळूला. टोकांना जाणारा फेस त्यांना पुरतो. पाणी कोमट, कढत अजिबात नाही. धुवायला बोअर चालेल, पण शेवटची अर्धी बादली नळाची. त्यासाठी एक कळशी वेगळी भरून ठेवते आणि त्यावरून घरात रोज वाद होतो. नळाचं नसेलच तर मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर. वास येतो, केस वाळले की जातो. वाचलेल्या पैशांतून १२० रुपयांचा कंडिशनर, तो फक्त टोकांना. पैसे घालायचेच तर इथे घाला, शाम्पूत नाही. शाम्पू डोक्यावर राहतो किती वेळ?

रंग फक्त मुळांना. कानशिलांवरचे पांढरे सगळ्यात हट्टी, म्हणून सुरुवात तिथून, म्हणजे त्यांना वेळ जास्त मिळतो. कपाळाच्या कडेला व्हॅसलिन. कालवायला धातूची वाटी नको, माझ्याकडे श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा आहे. रंग लावला की दोन-तीन दिवस शाम्पू बंद.

मुळांपुरतं अर्धं पाकीट पुरतं. अख्ख्या पाकिटात २० ग्रॅम क्रीम आणि २० मिली डेव्हलपर, म्हणजे ते पेरॉक्साइडवालं. दोन्ही निम्मं-निम्मं घ्यायचं. कालवलेलं मात्र ठेवता येत नाही. डब्यातच काळं पडतं आणि ताकद जाते, झाकण घट्ट लावलं तर आत गॅस धरतो. न कालवलेलं उरलेलं क्रीमसुद्धा क्लिप लावून ठेवलं तरी तोंडाशी काळवंडतं, भरवसा नाही. यावर तोडगा निघाला जाऊबाईंमुळे. त्यांचीही शेड हीच. त्यांना आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायला लावलं, कारण खाज किंवा सूज यायची असेल तर ती डोकंभर यायला नको. काही झालं नाही. आता एका पाकिटात एकाच रविवारी दोघींची मुळं होतात. त्यांच्या वाट्याचे साडेसतरा रुपये गणपतीपासूनचे यायचे आहेत.