गोल रिसेप्शन काउंटर, एकच ब्लॉक: ऑटोकॅडचे कन्स्ट्रेंट किती उपयोगी?

पुण्यातल्या हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांच्या इंटिरियरमध्ये कमानीसारखा वळलेला रिसेप्शन काउंटर हमखास असतो आणि प्रत्येक साइटवर त्याचं माप वेगळं. दर वेळी ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी आर्क (वर्तुळाचा कमानीसारखा तुकडा) काढत बसण्यापेक्षा एकच बदलता येणारा ब्लॉक (एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायचं चित्र) करून ठेवणं केव्हाही चांगलं. असे बदलते, म्हणजे डायनॅमिक ब्लॉक ऑटोकॅडमध्ये 2006 च्या आवृत्तीपासून आहेत, पण स्ट्रेचसारख्या (ओढून लांबवणाऱ्या) अ‍ॅक्शन सरळ वस्तूंवर जमतात, वक्र रेषेचा आकार बिघडवतात. 2010 च्या आवृत्तीत जॉमेट्रिक आणि डायमेन्शनल कन्स्ट्रेंट, म्हणजे आकार आणि मापं बांधून ठेवणारे नियम, आले, तेव्हा वक्र आकारांसाठी खरा मार्ग मिळाला. हे परीक्षण त्या सोयीचं आहे.

बहुतेक जण इथे पहिल्याच पायरीला रेडियसला (त्रिज्येला) पॅरामीटर, म्हणजे बदलता येणारं माप, लावतात. साइटवर ते निरुपयोगी ठरतं. 2400 मिमी रुंद आणि 300 मिमी फुगवट्याच्या काउंटरचा रेडियस 2550 येतो, म्हणजे केंद्र जीवेच्या 2250 मिमी मागे. तेवढ्यात मागची भिंत येते, सुतार दोरी कुठे रोवणार? त्याला हवी असतात दोनच मापं: दोन टोकांमधलं सरळ अंतर, म्हणजे जीवा, आणि मधोमध आलेला फुगवटा. म्हणून ब्लॉकही त्याच दोन मापांवर चालला पाहिजे.

बीएडिट (ब्लॉक एडिटर) उघडून तीन बिंदूंतून बाहेरची आर्क काढा. दोन टोकं जोडणारी रेषा काढून तिची दोन्ही टोकं कोइन्सिडेंटने (बिंदू जुळवून ठेवणाऱ्या कन्स्ट्रेंटने) आर्कच्या टोकांना बांधा आणि तिला हॉरिझॉन्टल लावा. या रेषेच्या मध्यबिंदूपासून आर्कच्या मध्यबिंदूपर्यंत दुसरी रेषा, तीही दोन्हीकडे कोइन्सिडेंट. डावं टोक फिक्सने अडकवा. फिक्स राहून गेला तर माप बदलताच अख्खा काउंटर जागा सोडून सरकतो. मग बीसीपॅरामीटर या कमांडने पहिल्या रेषेला जीवा नावाचा हॉरिझॉन्टल आणि दुसरीला फुगवटा नावाचा व्हर्टिकल पॅरामीटर द्या. नावांत मोकळी जागा चालत नाही. शेवटी बीकन्स्ट्रक्शनने दोन्ही मदतीच्या रेषा कन्स्ट्रक्शन जॉमेट्रीत टाका, म्हणजे ड्रॉइंगमध्ये त्या दिसणार नाहीत.

एवढ्यावर बाहेरची आर्क पूर्ण ठरते. आता तिला वर रेडियसचा पॅरामीटर लावायला गेलात की ओव्हर-कन्स्ट्रेन्ड (गरजेपेक्षा जास्त बांधलेलं) म्हणून नकार येतो. तो बरोबरच आहे, कारण तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते.

आतली आर्क कॉन्सेंट्रिक (बाहेरचीच्याच केंद्राची) करा आणि तिच्या रेडियस पॅरामीटरला हे एक्स्प्रेशन (सूत्र) द्या:

जीवा × जीवा ÷ (8 × फुगवटा) + फुगवटा ÷ 2 − खोली

खोली, म्हणजे बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर, हा पॅरामीटर्स मॅनेजरमधला यूजर पॅरामीटर ठेवा, उदाहरणार्थ 600. वरच्या मापांना आतला रेडियस 1950 आला पाहिजे. आला नाही तर बहुधा 8 भोवतीचा कंस राहिलेला असतो. या रेडियस पॅरामीटरच्या ग्रिप (माउसने ओढायचे बिंदू) शून्य ठेवा, तो ओढण्यासाठी नाही.

दोन्ही आर्क जोडणाऱ्या बाजूच्या दोन छोट्या रेषांवर बरेच जण अडकतात. त्या केंद्राकडे रोखलेल्या हव्यात, पण रेषा आणि आर्क यांच्यात परपेंडिक्युलर (काटकोनाचा कन्स्ट्रेंट) लागतच नाही. उपाय असा: रेषेची टोकं दोन्ही आर्कच्या टोकांना बांधा आणि आर्कचं केंद्र त्याच रेषेला कोइन्सिडेंट करा. कोइन्सिडेंट रेषेच्या वाढीव भागावरही चालतो, म्हणून केंद्र रेषेच्या बाहेर असलं तरी काम होतं. बीकॉनस्टेटसमोड चालू केलं की नेहमीच्या सेटिंगमध्ये पूर्ण बांधलेलं मॅजेंटा, अर्धवट बांधलेलं निळं आणि चुकलेलं लाल दिसतं. सगळं मॅजेंटा झाल्याशिवाय सेव्ह करू नका. आपोआप कन्स्ट्रेंट लावणारं ऑटोकन्स्ट्रेन या कामी टाळा. जवळपासच्या कशालाही तो समांतर किंवा आडवं मानून बांधतो आणि नंतर ते नको असलेले कन्स्ट्रेंट शोधून काढण्यात वेळ जातो.

प्रॉपर्टीजमध्ये जीवा आणि फुगवट्याला इन्क्रिमेंट (बदलाची पायरी), किमान आणि कमाल द्या, हे वगळू नका. फुगवटा शून्य झाला की भागाकार फसतो. 1200 च्या जीवेला 600 फुगवटा दिला तर बाहेरचा रेडियस 600 आणि आतला शून्य होतो. जीवा किमान 1500 आणि फुगवटा किमान 50 ठेवा. फुगवटा अर्ध्या जीवेच्या बराच आत ठेवा, कारण अर्धवर्तुळाजवळ आर्क कधी कधी उलट्या बाजूला पलटते. ठरावीक साइझ लागत असतील तर बीटेबल (मापांचा तक्ता) करा. त्यात ओळी एक्सेलमधून पेस्ट होतात आणि टेबलात नसलेलं माप घेऊ नये अशी अटही घालता येते. मग बीटेस्टब्लॉकमध्ये (ब्लॉकची चाचणी घ्यायच्या खिडकीत) किमान आणि कमाल अशी दोन्ही मापं घालून बघा.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे आर्कच्या लांबीचा कन्स्ट्रेंटच नाही. आणि खर्च तर लांबीवर ठरतो. वरच्या काउंटरची बाहेरची कड सुमारे 2499 मिमी भरते, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून येणारी आठ-चार फुटांची प्लाय 2440 मिमी लांब. म्हणजे जोड आलाच. त्याच जीवेला फुगवटा 180 केला तर कड 2436 मिमी होते आणि अखंड तुकडा कसाबसा पुरतो. हा निर्णय डिझाइन करतानाच व्हायला हवा, पण ब्लॉक तो आकडा दाखवत नाही. आर्कची लांबी वेगळी मोजावी लागते.

हॅच (आतल्या भागाची रेघाळ भरणी) ब्लॉकमध्ये घालू नका. त्याला कन्स्ट्रेंट लागत नाही आणि माप बदलल्यावर तो कडेला धरून राहीलच असा भरवसा नाही. एकाच भागावर कन्स्ट्रेंटही आणि स्ट्रेच अ‍ॅक्शनही, असंही करू नका. दोघं एकमेकांचं काम बिघडवतात.

डेटा एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे ड्रॉइंगमधली मापं टेबलात काढायची सोय, मात्र उत्तम. सगळ्या काउंटरची जीवा, फुगवटा, आतला रेडियस थेट टेबलात येतात आणि सुताराला तोच कागद देता येतो. इंच-सुतात हवं असेल तर रूपांतर त्या टेबलात करा, ब्लॉक मिमीमध्येच राहू द्या.

घेण्याआधी एक बघा: ऑटोकॅड एलटी या कमी सोयींच्या आवृत्तीत असा ब्लॉक टाकता येतो, माप बदलता येतं, पण नवे कन्स्ट्रेंट लावता येत नाहीत. लहान ऑफिसात एका मशीनवर पूर्ण ऑटोकॅड आणि बाकीच्यांवर एलटी ही रचना या कामाला पुरते. ब्लॉक बनवणारा एक, वापरणारे सगळे.