आयरॅफचं डीटीओआय पॅकेज: जुन्या प्लेट्सवर काम करत असाल तर आधी हे वापरून बघा

आकाशाच्या जुन्या फोटोप्लेट्स (काचेवरच्या निगेटिव्ह) स्कॅन करून त्यांच्यावर फोटोमेट्री (ताऱ्यांचं तेज मोजणं) नाहीतर स्पेक्ट्रमचं काम करायचं असेल तर आयरॅफ या खगोलशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं डीटीओआय (डेन्सिटी टू इंटेन्सिटी, म्हणजे काळेपणावरून प्रकाश काढणं) आजही वापरण्यासारखं आहे. स्वतःचा पायथॉन कोड लिहायला बसण्याआधी प्रत्येकाने एकदा तरी हे पॅकेज शेवटपर्यंत चालवून बघावं असं मला मनापासून वाटतं. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पुढे येतंच.

आधी हे का लागतं ते. सीसीडीवर, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, दुप्पट प्रकाश पडला की काउंट साधारण दुप्पट येतात, प्लेटचं तसं नसतं. प्लेटवर आपण मोजतो ती डेन्सिटी, म्हणजे काळेपणा, आणि तीही लॉगमध्ये, डेन्सिटी 1 म्हणजे 10 टक्के प्रकाश आरपार जातो, 2 म्हणजे फक्त 1 टक्का. 1890 मध्ये हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी डेन्सिटी आणि लॉग एक्सपोजर (प्लेटवर पडलेल्या एकूण प्रकाशाचा लॉग) यांचा कर्व्ह मांडला, पॅकेजमधल्या टास्कच्या नावांत एचडी दिसतं ते यांचंच. कर्व्हचा खालचा भाग म्हणजे टो, मग सरळ भाग, मग वर शोल्डर जिथे प्लेट भरत जाते. हा कर्व्ह उलट दिशेने, म्हणजे डेन्सिटीवरून एक्सपोजरकडे, न लावता थेट डेन्सिटीवरून तारे मोजले तर तेजस्वी तारा दाबला जातो आणि टोमधल्या अंधुक ताऱ्याचा तर हिशोबच लागत नाही.

काम कसं चालतं तर प्लेट डेव्हलप करण्याआधी तिच्या कडेला माहीत असलेल्या एक्सपोजरचे स्पॉट टाकलेले असतात, स्पॉटलिस्ट त्यांची डेन्सिटी आणि सिग्मा (मोजमापातला विखुरलेपणा) काढतं, डीमॅच त्या डेन्सिटीला लॉग एक्सपोजर जोडतं, एचडीफिट कर्व्ह बसवतं आणि एचडीटीओआय तो अख्ख्या इमेजला लावून इंटेन्सिटी इमेज देतं. वेगवेगळे कर्व्ह एकमेकांशी जुळवायला एचडीशिफ्ट आहे. सेल्फटेस्टही आहे, माहीत असलेल्या डेटावर सगळं ट्रान्सफॉर्मेशन तपासतं, नवीन माणसाने सुरुवात तिथूनच करावी.

खरा जीव आहे तो एचडीफिटमध्ये. स्क्रीनवर पॉइंट दिसतात, बिघडलेला स्पॉट काढून टाकता येतो, फंक्शन आणि ऑर्डर (कर्व्हला किती वळणं घेऊ द्यायची) बदलून लगेच परत फिट करता येतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे डेन्सिटी तशीच न वापरता लॉग ओपॅसिटन्स वापरायची सोय, म्हणजे फॉग (प्रकाश न पडलेल्या कोऱ्या भागाचा काळेपणा) वजा करून दहाचा डेन्सिटीएवढा घात, त्यातून 1 वजा, आणि त्याचा लॉग. नेट, म्हणजे फॉग वजा केलेली, डेन्सिटी 0.05 असेल तर हे येतं साधारण -0.91, 1 असेल तर 0.95, आणि 2 असेल तर जवळपास 2 च. म्हणजे वरचा भाग फारसा हलत नाही आणि टो ताणून सरळ होतो, मग कमी ऑर्डरचा फिट पुरतो आणि कर्व्ह उगाच वळवळत नाही. मधले पर्याय हवे असतील तर के50 आणि के75 पण आहेत, मी मात्र आधी नेहमी ओपॅसिटन्सच बघतो.

पण याची किंमत फॉगमध्ये मोजावी लागते. स्पॉट कडेला, तुमचा तारा मध्ये, आणि दोन्हीकडचा फॉग 0.02 ने वेगळा असेल तर नेट 1.5 डेन्सिटीला तसा काही फरक पडत नाही, पण नेट 0.05 चं खरं 0.03 असेल तर लॉग ओपॅसिटन्स 0.23 ने सरकतो, कर्व्हचा चढ 1 धरला तर अर्ध्या मॅग्निट्यूडपेक्षा (ताऱ्याच्या तेजाचं माप) जास्त! म्हणून एचडीटीओआयला डेटाबेसमधलाच, म्हणजे स्पॉटसोबत नोंदवलेलाच, फॉग वापरू देऊ नका, इमेजच्या जवळचा कोरा भाग मोजून तो फॉग वेगळा द्या, ती सोय आहेच.

आता कापलेला स्टार. स्पॉट नसतील तर हे पॅकेज काहीच करू शकत नाही, मग माहीत असलेल्या मॅग्निट्यूडच्या ताऱ्यांवरूनच कर्व्ह बांधावा लागतो आणि ते काम तुमचं तुम्ही करायचं. दुसरं म्हणजे रेसिप्रॉसिटी फेल्युअर, मंद प्रकाश तासभर आणि प्रखर प्रकाश सेकंदभर, एकूण एक्सपोजर सारखं असलं तरी प्लेट सारखी काळी होत नाही, त्यामुळे स्पॉटची वेळ मुख्य एक्सपोजरच्या आसपास हवी, आणि ती होती की नाही हे पॅकेज तपासत नाही, तुम्हालाच जुनी लॉगबुकं चाळावी लागतात.

डिफॉल्टही डोळे झाकून घेऊ नका. स्केल (पिक्सेल व्हॅल्यूला ज्याने गुणलं की डेन्सिटी मिळते) 0.00151 आणि मॅक्सएडी (सॅच्युरेटेड पिक्सेलची व्हॅल्यू) 3071 हे जुन्या मायक्रोडेन्सिटोमीटरच्या, म्हणजे प्लेटची डेन्सिटी मोजणाऱ्या यंत्राच्या, हिशोबाने आहे. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरची इमेज असेल तर ती डेन्सिटी नसतेच, आरपार गेलेला प्रकाश असतो, तोही गॅमा (स्क्रीनवर नीट दिसावं म्हणून केलेला बदल) लावून बदललेला. 16 बिट, गॅमा 1, ऑटो करेक्शन बंद अशी स्कॅन करा, रिकाम्या काचेच्या व्हॅल्यूने भागा, लॉग घेऊन उणे चिन्ह लावा, 1000 ने गुणून इंटिजरमध्ये सेव्ह करा आणि स्केल 0.001 द्या, मॅक्सएडी पण त्याप्रमाणे बदला. आउटपुटला सीलिंग 30000 असतं, म्हणजे सॅच्युरेटेड डेन्सिटी तिथे बसवली जाते, दोन प्लेट्सची तुलना करायची असेल तर ते इनडेफ (म्हणजे किंमत न दिलेलं) करून थेट इंटेन्सिटी घ्या.

आयरॅफ आता कम्युनिटी सांभाळते आणि ते आजच्या लिनक्सवर चालतं, त्यामुळे इन्स्टॉलच्या धास्तीने मागे राहू नका. स्पॉट असलेली प्लेट हाती असेल तर हे पॅकेज बिनधास्त वापरा, स्पॉट नसतील तर मात्र यात वेळ घालवू नका.