अंगणातलं आर्टिफिशियल टर्फ : रत्नागिरीचा एक पावसाळा काढल्यावर

गेल्या फेब्रुवारीत नव्या घरासमोर टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, घातलं, त्याला आता अकरा महिने झाले. मे महिन्याचं ऊन आणि एक अख्खा पावसाळा त्याने अंगावर घेतलाय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर आहे. अंगण 20 बाय 15, म्हणजे 300 चौरस फूट. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, "आम्ही जन्मभर खळ्यातलं गवत उपटलं, आणि तू विकत आणून लावतोस?"

टर्फ 35 मिलिमीटर उंच पात्यांचं घेतलं, 55 रुपये चौरस फूट, म्हणजे 16,500 रुपये. आणि टर्फच्या खाली जे केलं त्याला गेले 31 हजार. घरात यावरून बोलणी खाल्ली, पण पैसे तिथेच घालायला हवे होते.

विकणाऱ्याचं म्हणणं सोपं होतं: कोबा करा, वर टर्फ चिकटवू, दोन दिवसांत मोकळे. आमच्या गवंडीकाकांनी विचारलं, "पाणी?" तर म्हणे, टर्फला भोकं असतात की! असतात ना. पण भोकातून उतरलेलं पाणी कोब्यावरून जाणार कुठे? 300 चौरस फूट म्हणजे साधारण 28 चौरस मीटर. दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुलैत आपल्याकडे याची कोणी बातमीही करत नाही, तर एवढ्याशा अंगणात 2,800 लिटर पाणी होतं. पागोळ्यांचं पाणी वेगळंच.

भोकांचंही ऐकून घेऊ नका. मी दोन दुकानांतून वीतभर नमुने आणले, न्हाणीघरात दोन विटांवर आडवे ठेवले आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. एकातून तीन-चार धारा सरळ खाली लागल्या. दुसऱ्यावर पाणी ताटातल्या कढीसारखं साचून राहिलं. उलटा करून बघितला तर निम्मी भोकं पाठीच्या रबराने बुजलेली. तोच नमुना महाग होता!

नव्या घराची गंमत म्हणजे अंगण वरून सपाट दिसतं आणि आत काय वाट्टेल ते असतं. पहिलंच फावडं मारलं तर सिमेंटच्या फाटक्या गोण्या, चिऱ्याच्या कपच्या आणि सांडलेल्या मालाचा दगडासारखा थर. हा थर फोडला नाही तर खाली कोबाच केल्यासारखं. सगळं काढून सात इंच खोदलं. काकांनी पाण्याच्या नळीने लेव्हल काढून घरापासून बाहेर पंधरा फुटांना अडीच इंच उतार दिला. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), मग चार इंच खडी (बरोबर एक ब्रास, म्हणजे 100 घनफूट लागली), वर इंचभर ग्रिट, म्हणजे बारीक खडी, ठोकून. उताराच्या कडेला भोकांचा चार इंची पीव्हीसी पाइप कापडात गुंडाळून टाकला आणि त्याचं तोंड खालच्या पऱ्यात (ओहोळात) सोडलं. लाल मुरूम वापरू नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. पावसात त्याचा लगदा होतो आणि कापडाची जाळी बुजते. भिंतीलगत अर्धा फूट नुसती खडी ठेवली, कारण भिंत जांभ्याची आहे आणि जांभा पाणी पितो.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रात्री लागला. बॅटरी घेऊन अनवाणी बाहेर गेलो. पायाखाली चुबूकचुबूक नाही, पाणी कुठे उभं नाही, आणि पऱ्याच्या बाजूला पाइपातून मनगटाएवढी धार. सरी थांबल्यावर दहा मिनिटांत मुलं खेळायला उतरली.

आता चुका. पन्हळ लावायची मी पुढे ढकलली होती. पागोळ्यांनी टर्फच्या पात्यांमध्ये भरलेली वाळू धुऊन सरळ रेघच्या रेघ मोकळी केली आणि तिथली पाती आडवी झाली. ऑगस्टमध्ये भर पावसात माणूस शोधून पन्हळ बसवली, दुप्पट पैसे देऊन. दुसरं, रोल दोन मीटर रुंद असतो, त्यामुळे आमच्याकडे तीन पट्टे आणि दोन जोड आले. जोडाला टर्फ बसवणाऱ्याने चपलेला लावतात तसलं सोल्यूशन फासलं. एक जोड गणपतीच्या आधी उकलला. फोन केल्यावर "पाऊस जाऊ दे, बघतो" म्हणाला, तो अजून बघतोच आहे. शेवटी टेप आणि दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) गम आणून आम्हीच चिकटवलं.

उन्हाळ्याचं मात्र कोणी आधी सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये अकरा ते पाच त्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं. पाणी मारलं की थोडा वेळ निवतं, पण सड्यावर मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असताना प्लास्टिकवर पाणी कोण मारणार? आईने मात्र त्यावर चटई टाकून आमसुलं वाळवली. कोकमाचे लाल ओघळ चटईतून खाली उतरले, ते साबणाने गेले. आंब्याखालच्या पट्ट्याला शेवाळ धरतं, कडक ब्रशने घासावं लागतं. आता मोहोर सुरू झालाय, आणि तुडतुड्यांचा (मोहोरावरच्या किडीचा) चिकटा पडला की त्यावर मोहोराचा चुरा बसतो. तो केरसुणीने निघत नाही, पाइप मारावा लागतो. म्हणजे "मेंटेनन्स शून्य" हे खोटं. चिखल मात्र घरात येत नाही, आणि आईच्या मते फुरसं आलंच तर हिरव्यावर लांबून दिसतं.

परत केलं असतं का? घरापुढे हो, परसात नाही. आणि घाई केली नसती. ड्रेनेजची लाइन जिथून गेली तिथली भर पहिल्या पावसात दोन बोटं बसली, कोपऱ्यात खळगा झालाय. एक पावसाळा तसाच काढून मग टर्फ घातलं असतं तर हे आधी कळलं असतं, पण वास्तुशांतीला अंगण हिरवं हवं होतं ना! तो कोपरा उचलून खाली दोन घमेली खडी टाकायची आहे. काकांना सांगून ठेवलंय. "शिमगा झाला की येतो," म्हणालेत.