टीकेइंटरमध्ये बाइंडिंग लावायचं कुठे: विजेटवर, क्लासवर की स्वतःच्या टॅगवर?

पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये (विंडो, बटणं वगैरे बनवायच्या लायब्ररीत) एडिटर लिहिताना मी मुख्य विंडोवर कंट्रोल-ओ बाइंड केलं, म्हणजे ती कळ दाबली की माझं फंक्शन, म्हणजेच हँडलर, चालावं असं जोडलं. फाइल निवडायचा डायलॉग उघडला खरा, पण तो रद्द केल्यावर पाहिलं तर मजकुरात एक नवी ओळ घुसलेली. हँडलरमधून ‘ब्रेक’ परत पाठवूनही ती येतच राहिली.

कारण क्रमात आहे. विंडोतल्या प्रत्येक विजेटच्या (बटण, मजकुराची चौकट अशा घटकाच्या) बाइंडटॅग्जमध्ये, म्हणजे टॅगच्या यादीत, मुळात 4 नावं असतात: ते विजेट, त्याचा क्लास (म्हणजे प्रकार), त्याची विंडो आणि शेवटी सगळ्यांसाठी सामाईक ‘ऑल’. इव्हेंट, म्हणजे कळ दाबण्यासारखी घटना, याच क्रमाने फिरतो. टेक्स्ट क्लासमध्ये कंट्रोल-ओ म्हणजे नवी ओळ, हे आधीच ठरलेलं आहे. विंडोची पाळी येईपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. ‘ब्रेक’ फक्त पुढच्यांना अडवतो.

एखाददुसऱ्याच विजेटची सवय बदलायची असेल, तर थेट विजेटवर बाइंड करा. तिथला ‘ब्रेक’ क्लासलाही थांबवतो. मात्र त्याच कळीवर दुसऱ्यांदा बाइंड केलं की पहिलं पुसलं जातं. दोन्ही हवी असतील तर बाइंडच्या ‘ॲड’ या आर्ग्युमेंटमध्ये अधिक चिन्ह द्या.

क्लासवरचं बाइंडिंग एका ओळीत सगळीकडे लागू होतं, आणि मला त्याचीच भीती वाटते. ॲपमधलं त्या क्लासचं प्रत्येक विजेट बदलतं, तुम्ही न लिहिलेल्या लायब्ररीतलंसुद्धा. उलट टीटीके या टीकेइंटरमधल्या वेगळ्या विजेट-संचातल्या एन्ट्रीचा (एका ओळीच्या चौकटीचा) क्लास ‘टीएन्ट्री’ असल्यामुळे ‘एन्ट्री’वर केलेला बदल तिथे पोचतच नाही.

दोन-तीनपेक्षा जास्त विजेट्सना तीच वागणूक हवी असेल, तर माझं मत स्वतःच्या टॅगला. हवं ते नाव ठरवा, त्यावर बाइंड-क्लासने हँडलर लावा (क्लासचं नाव आणि तुमचं नाव यांत टीकेइंटरच्या मुळाशी असलेलं टीके फरक करत नाही) आणि ते नाव निवडक विजेट्सच्या बाइंडटॅग्जमध्ये घाला. जागाही तुमच्या हातात राहते. अक्षरं मोजणारा हँडलर विजेटवरच्या की-इव्हेंटला लावला, तर आकडा कायम एक पाऊल मागे राहतो, कारण अक्षर क्लासच्या पाळीत उमटतं. आपला टॅग क्लासनंतर ठेवला की आकडा बरोबर येतो. मूळ वागणूक अडवायची असेल, तर तो क्लासच्या आधी ठेवा.

‘ऑल’ मदतीच्या एफ-1 सारख्या कळींपुरतं ठीक.

आणि वागणूक तीच ठेवून फक्त कळ बदलायची असेल, तर हँडलर लिहूच नका. पेस्टच्या व्हर्च्युअल इव्हेंटला (कळीला नव्हे, कामाला दिलेल्या नावाला) इव्हेंट-ॲडने नवी कळ जोडली की एन्ट्री आणि टेक्स्ट दोन्ही ती ओळखतात.