मराठी इनस्क्रिप्ट कळफलक: ठाण्यातल्या डीटीपीवाल्यांनी घ्यावा का?

इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी, ती विंडोजमध्येच असते. वेगळे पैसे नाहीत, वेगळे सॉफ्टवेअर नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी घाला, कळफलक ‘मराठी’ निवडा (‘मराठी फोनेटिक’ नव्हे, तो निराळा) आणि विंडोज-स्पेस दाबून पालटा. नौपाड्यात पत्रिका जुळवणारे असोत की ऐरोलीत सोसायटीच्या नोटिसा काढणारे, दोघांनीही हाच शिकावा.

कारण, इथे जे दाबाल तेच साठते. डाव्या हाताला स्वर, उजव्याला बहुतेक व्यंजने. ‘के’वर क, शिफ्टसह ख, ‘ई’वर काना, शिफ्टसह आ. पाय मोडायचा तो ‘डी’वरच्या हलन्ताने. ‘स्त्री’ म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी: कळा ६ आणि युनिकोडची (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीची) चिन्हेही ६. जोडाक्षर साठवलेले नसतेच, ते पडद्यावर फॉन्ट घडवतो.

टंकयंत्रावर बोटे बसलेल्यांची चिडचिड इथेच होते. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी मारायची, इथे नंतर. जुन्या सवयीने मारली तर शब्दाच्या सुरुवातीला ती तुटक वर्तुळाला लटकते. मध्ये असेल तर मागच्या अक्षराला चिकटते आणि ‘कविता’ची ‘किवता’ होते. रफाराचे याच्या उलट, तिथे अक्षरानंतर, इथे आधी: ‘कर्म’साठी क, र, हलन्त, म.

र मात्र दोन आहेत, आणि मराठीला दोन्ही लागतात. ‘जे’वरचा र मोडून य दिला की रफार चढतो, शिफ्ट-जेवरचा ऱ मोडला की ऱ्य. येऊरच्या दऱ्या लिहिताना शिफ्ट सुटली, तर डोंगरात दर्या उसळतो. ‘ठाणे’ लिहितानाही ४ कळांपैकी ठ आणि ण या दोघांना शिफ्ट लागते, तेवढी करंगळी दुखणारच.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर कळफलकाला बोल लावू नका. कोड तोच असतो. वर्डमध्ये मजकुराची भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी वळण असेल तर उमटेल, नसेल तर फॉन्ट बदला.

खरी तक्रार ॲची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. शिफ्ट-१ दाबून हिंदीतला ऍ उमटत असेल, तर तुमच्या मांडणीत ॲ त्या जागी नाही. मग लोक अ काढून त्यावर शिफ्ट-२ने चंद्र ठेवतात. अनेकदा दिसायला हुबेहूब, पण साठतात दोन चिन्हे, ‘ॲड.’ शोधायला गेलात की निम्मी नावे गायब. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहून ऑल्ट-एक्स दाबा, ॲ मिळेल. तो एकदा ऑटोकरेक्टमध्ये टाकून ठेवला की काम भागते.

श्रीलिपी, कृतिदेव या युनिकोडबाहेरच्या फॉन्टांतल्या जुन्या फायलींना याचा उपयोग नाही, त्यांना कन्व्हर्टरच हवा. नव्या कामासाठी ५ पैकी ४ गुण. कापलेला एक ॲच्या नावावर.