अंतर-वेळेचं अ‍ॅप, पाच महिने वापरून : दोन तारे. बरं, तीन

परवा सौ. अमेरिकेहून परतली आणि मुंबई विमानतळाबाहेर दोन बॅगा घेऊन तासभर उभी राहिली. पुण्याहून गाडी मीच पाठवली होती, वेळ या अ‍ॅपवरून काढून. म्हणून हा रिव्ह्यू.

अ‍ॅप दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगतं, फुकट आहे. जाहिराती नको असतील तर पैसे मागतं; मी जाहिराती बघतो.

मुंबई-न्यूयॉर्क टाकलं की साडेबारा हजार किलोमीटर, १५ तास १५ मिनिटं. दिवाळीत ती लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा थेट विमान दोन तास उशिरा उडालं. तिकिटावरची वेळ बाद झाली, म्हणून उड्डाणाच्या वेळेत सव्वापंधरा तास मिळवून जावयांना कळवलं. ते वेळेवर पोचले, विमान आणखी सव्वा तासाने. पार्किंगचे डॉलर त्यांनी भरले. आकडा सांगत नव्हते, मी विचारून घेतला.

येताना बरोब्बर उलटं. चौदा तासांच्या आत मुंबई!

मग न्यूयॉर्क-मुंबई असं उलटं टाकून पाहिलं. तेच १५ तास १५ मिनिटं. कागदावर १२,५०० ला विमानाच्या ताशी ८५० किलोमीटर वेगाने भागलं, पावणेपंधरा आले. वर चढ-उताराचा अर्धा तास. झालं अ‍ॅप! अहो, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, थंडीत जास्तच जोरात. जाताना तो अंगावर, येताना पाठीशी. होडीवाल्यालाही कळतं ते यांना कळू नये? 'जाताना' आणि 'येताना' अशी दोन बटणं दिली असती तर काय बिघडलं असतं?

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. पण अंतरही थापच असणार म्हणून माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला. मी समजत होतो विमान अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जात असेल. दोरा गेला पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी! दोरा पट्टीवर मोजून हिशेब केला, साडेबारा हजारच. भिंतीवरच्या नकाशाने इतकी वर्षं फसवलं म्हणायचं.

अर्थात विमान दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद, २०२२ पासून रशियाचं अमेरिकी विमानांना. वळसा पडतो, तोही अ‍ॅपच्या गणितात नाही. लेक म्हणते, विमान आत्ता कुठे आहे हे दाखवणाऱ्या साइट असतात, त्या बघायच्या. हे दिवाळीत सांगायचं ना.

तिसरा तारा दोऱ्यासाठी. सौ.ला उत्साहाने विचारलं, खिडकीतून बर्फ दिसला का? ती म्हणाली, पडदे ओढलेले होते, आणि गाडी उशिरा का आली ते आधी सांगा.