मटेरियल रेंडरपर्यंत न्यायचे कसे: एक्स्पोर्ट केलेली फाइल की लाइव्ह लिंक?

त्रिमितीय मॉडेल त्यावरच्या मटेरियल्ससह, म्हणजे पृष्ठभागांच्या रंग, चकाकी आणि पोतासह, एफबीएक्स, ओबीजे किंवा जीएलटीएफ स्वरूपातल्या फाइलीत काढून ती फाइल अंतिम चित्र तयार करणाऱ्या रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, की प्लगइन वापरून मॉडेलिंग आणि रेंडरिंगची सॉफ्टवेअर थेट जोडून ठेवायची, म्हणजे लाइव्ह लिंक वापरायची, हा निर्णय मलाही घ्यावा लागला होता. दोन्ही मार्गांनी बरेच काम केल्यावर मी एकाकडे झुकलो, पण ज्या कारणासाठी झुकलो ते सुरुवातीला माझ्या ध्यानातही नव्हते.

केवळ मटेरियल किती शाबूत पोहोचते एवढेच पाहायचे, तर फाइलची बाजू समजतात तितकी दुबळी नाही. ओबीजेसोबतच्या एमटीएल फाइलीत रंग, चकाकी, पारदर्शकता आणि टेक्स्चरची (पृष्ठभागावर लावायच्या चित्रांची) नावे याहून फारसे काही मावत नाही. एफबीएक्समधली मटेरियलची मांडणीही मुख्यतः फाँग आणि लँबर्ट या चकाकी दाखवण्याच्या जुन्या पद्धतींची असल्याने रफनेस (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) वाटेत गळतो, किंवा तो ग्लॉसिनेस (गुळगुळीतपणा) समजून उलटा वाचला जातो आणि कोरडे प्लास्टर ओले असल्यासारखे चमकू लागते. २०१७ साली आलेल्या जीएलटीएफ २.० मध्ये मात्र रफनेस आणि मेटॅलिक (पृष्ठभाग किती धातूसारखा आहे) ही मूल्ये स्वरूपाचाच भाग आहेत, आणि जीएलबी, म्हणजे त्याचेच एका फाइलीतले रूप, केल्यास टेक्स्चरही त्याच फाइलीत बसत असल्याने ती शोधत बसावे लागत नाही.

लाइव्ह लिंकमधून याहून फार अधिक आले, असे मी म्हणणार नाही. मॉडेलमधले मटेरियल म्हणजे एक रंग आणि एक चित्र एवढेच असेल, तर पलीकडे नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारे चित्र) येणार तरी कुठून? प्रोसीजरल, म्हणजे चित्राऐवजी सूत्रांनी तयार होणारे, मटेरियल तर मला दोन्ही वाटांसाठी आधी बेकच करावे, म्हणजे साध्या चित्रात उतरवावे लागले. खरे पाहता पलीकडे भरवशाने पोहोचते ते मटेरियलचे नाव आणि टेक्स्चरचे मॅपिंग, म्हणजे चित्र पृष्ठभागावर कसे बसते ते. लाकूड, काच, दगड यांची चांगली मटेरियल्स रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्येच त्या नावांवर बसवावी लागतात.

माझा निर्णय झाला तो नेमका येथे. एका इमारतीच्या दर्शनी भागासाठी मी चाळीसच्या आसपास मटेरियल्स एकेक करून बसवली होती आणि त्यानंतर आराखड्यातल्या खिडक्या बदलल्या. नवी फाइल काढली, तेव्हा एक्स्पोर्ट करताना काही नावांच्या शेवटी आकडे चिकटले होते, त्यामुळे रेंडरिंग सॉफ्टवेअरने ती मटेरियल्स नवी मानली आणि माझी काच पुन्हा सपाट निळी झाली. त्या संध्याकाळी हे तीनदा घडले. एकदा बसवायला मला कंटाळा येत नाही. पण डोळ्यांनी पारखून ठरवलेला दगडाचा पोत केवळ खिडकी सरकली म्हणून पुन्हा शोधावा लागणे मला फार जाचक वाटले. लाइव्ह लिंकवर आल्यापासून, मॉडेलमधले नाव मी स्वतः बदलले नाही तर बसवलेले मटेरियल सिंकनंतरही (मॉडेलमधले बदल पलीकडे आल्यावरही) जागेवर राहिल्याचा माझा अनुभव आहे. इतरांच्या सॉफ्टवेअरच्या जोडीत तो कदाचित वेगळा असेल.

लिंकलाही तिचा जाच आहे. मॉडेलिंग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की तिच्याशी जुळणारे प्लगइन येईपर्यंत थांबावे लागते, म्हणून काम अर्ध्यावर असताना मी कोणतेही अद्ययावतीकरण करत नाही. मॉडेल दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवायचे असेल किंवा काही वर्षांनी पुन्हा उघडायचे असेल, तर जीएलबी फाइलच बरी. आराखडा पक्का झालेला असेल, तरीही फाइलीविरुद्ध माझी तक्रार नाही. पण शेवटच्या दिवसापर्यंत बदल येणार असतील, तर मी लिंकच निवडेन.

दोहोंपैकी काहीही ठरवण्यापूर्वी दोनतीन मटेरियल्सचे छोटे मॉडेल घ्या, रेंडरिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यातले एक मटेरियल बदला, मग मूळ मॉडेलमधली एखादी भिंत सरकवून ते पुन्हा पलीकडे आणा, आणि तुम्ही बदललेले मटेरियल जागेवर राहिले आहे का ते पाहा.